हायड्रेंजियाला पानं भरपूर, फूल एकही नाही: डोळा कधी मेला ते शोधा

जून सरत आलाय, शेजारच्या आजींच्या दारात निळे-गुलाबी गेंद डुलतायत आणि आपलं झुडूप नुसतंच पानांनी माजलंय. कमरेएवढं उंच, पानं तळहाताएवढी, रोग नाही, कीड नाही, फक्त फूल नाही. मागच्या वर्षीही हेच झालं होतं. मग प्रश्न ठरलेला असतो: कुठलं खत घालू?

उत्तर आधीच सांगून टाकते. खत कमी पडलंय असं जवळपास कधीच नसतं. या जूनमध्ये यायचं फूल गेल्या ऑगस्ट-सप्टेंबरातच काडीच्या शेंड्यावरच्या डोळ्यात, म्हणजे तिथल्या मिटलेल्या कोंबात, तयार झालेलं होतं. तिथून जूनपर्यंतच्या नऊ-दहा महिन्यांत तो डोळा कुठेतरी मेला. कात्रीने मेला, जानेवारीच्या थंडीने मेला, एप्रिलच्या हिमाने मेला की हरणाने खाल्ला, एवढंच शोधून काढायचंय. ते कळलं की उपाय सोपा असतो. ते न शोधता टाकलेलं खत मात्र उलट नडतं.

खालचं सगळं मध्य न्यू जर्सीच्या हवेला धरून लिहिलंय, कारण माझी बाग इथे आहे. पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, व्हर्जिनियातल्या मंडळींनी तारखा आठवडा-दोन आठवडे मागेपुढे कराव्यात. पुण्याहून येणाऱ्या प्रश्नांचं गणित वेगळं आहे, ते शेवटाकडे घेतलंय.

आपला हात गुलाबावर बसलेला आहे

आपण महाराष्ट्रातून जे बागकाम शिकून आलो, त्यात छाटलं की फूल येतं हे पक्कं डोक्यात बसलेलं असतं. पाऊस संपला की ऑक्टोबरात गुलाब छाटायचा. थंडी सरताना मोगऱ्याची पानं काढून त्याला खाली घ्यायचं. जास्वंद वाट्टेल तेव्हा कापा, नव्या फुटीवर कळ्या धरतेच. ही सगळी झाडं नव्या फांदीवर फुलतात, त्यामुळे कात्री म्हणजे फुलांना आमंत्रण.

गोल गेंदाचा हायड्रेंजिया, म्हणजे मॅक्रोफिला, जुन्या काडीवर फुलतो. याची रीत नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागाईतदाराला समजावून सांगावी लागणार नाही. त्याच्याकडे एप्रिल छाटणीनंतर वाढणाऱ्या काडीच्या डोळ्यातच पुढच्या हंगामाचा घड ठरतो. ऑक्टोबरात तो छाटतो, पण कुठल्या डोळ्यात घड आहे ते बघून. हायड्रेंजियाचा फुलाचा डोळा बहुतेक वेळा काडीच्या अगदी टोकाला बसलेला असतो. ऑक्टोबरात वरून सरळ हात फिरवला की पुढच्या वर्षीची सगळी फुलं पालापाचोळ्याच्या पिशवीत गेली. झुडपाला काही होत नाही. ते वसंतात जोमाने फुटतं, दुप्पट दाट होतं, आणि म्हणूनच आपल्याला शंका येत नाही.

डोळा बसायला थंडावा लागतो. तापमान साधारण 18 अंश सेल्सिअसच्या खाली यायला लागलं आणि दिवस आखडले की पुढच्या पाच-सहा आठवड्यांत डोळ्यात फूल घडतं. मग त्याला झोप लागते आणि ती झोप मोडायला आणखी सहा-आठ आठवड्यांची खरी थंडी लागते. हे दोन टप्पे लक्षात ठेवा, पुण्याचं उत्तर यातच आहे.

पण आधी जात कुठली ते बघा

नर्सरीत सगळ्यांनाच हायड्रेंजिया म्हणतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. जाड, चकचकीत, दातेरी पान आणि गोल किंवा चपटा गेंद असेल तर मॅक्रोफिला. आपली तक्रार नव्वद टक्के वेळा याच्याबद्दल असते. ओकसारखं कातरलेलं पान, शरदात तांबूस-जांभळं होणारं, ते क्वेर्सिफोलिया. तेही जुन्या काडीवरच फुलतं, त्यामुळे त्यालाही शरदात कात्री नको.

फूल निमुळतं, शंकूसारखं, आधी पांढरं-हिरवट आणि पुढे गुलाबी होणारं असेल तर तो पॅनिक्युलाटा. पातळ, काहीसं बदामी आकाराचं निस्तेज पान आणि पांढरा गोल गेंद असेल तर आर्बोरेसेन्स. त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली जात ‘अ‍ॅनाबेल’. हे दोन्ही नव्या फुटीवर फुलतात. यांना मार्चमध्ये खुशाल खाली घ्या. ही झाडं फुलत नसतील तर कारण बहुधा सावली, हरीण किंवा मे-जूनमध्ये फिरलेली कात्री, एवढंच. खालचं बरंचसं त्यांना लागू नाही.

‘एंडलेस समर’बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण फसगत तिथेच जास्त होते. हा मॅक्रोफिलाच, पण जुन्या आणि नव्या दोन्ही काड्यांवर फुलणारा. मायकेल डर या वनस्पतीतज्ज्ञांच्या नजरेला तो 1998 मध्ये मिनेसोटातल्या बेली नर्सरीत पडला आणि 2004 मध्ये बाजारात आला. मिनेसोटाच्या हिवाळ्यातून उठून फुलतोय म्हटल्यावर गाजणं साहजिकच होतं. पण पाटीवर ‘उन्हाळाभर फुलं’ वाचून लोक समजतात की आता काहीही कापलं तरी चालेल. तसं नसतं. नव्या काडीला वाढून कळी धरायला वेळ लागतो, म्हणून जुन्या काड्या मेल्या तर फुलं दिसायला ऑगस्ट उजाडतो, तीही मोजकी. जूनचा मोठा बहर हवा असेल तर त्याच्याही जुन्या काड्या जपाव्याच लागतात.

मे महिन्यात झुडपाजवळ बसा आणि बघा

तपासणीला उत्तम काळ म्हणजे मे महिन्याचा मधला आठवडा. त्याआधी घाई करू नका. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्याच काड्या वाळल्यासारख्या दिसतात आणि ‘वाळलंय ते काढून टाकू’ म्हणून भल्या माणसांनी जिवंत काड्या कापलेल्या मी पाहिल्यात.

पहिली गोष्ट बघायची ती ही: नवी पानं कुठून फुटतायत? फक्त जमिनीतून वर येत असतील आणि जुन्या काड्या काटक्यांसारख्या उभ्या असतील, तर काड्या वरपासून खालपर्यंत मेल्यात. हे थंडीचं काम. जुन्या काड्यांच्या खालच्या-मधल्या डोळ्यांतून पानं आलीत पण टोकं मेलीत, तर एप्रिलचं हिम किंवा हिवाळ्याचा मधला तडाखा. जुन्या काड्या जिवंत आहेत, पण टोकंच नाहीत, तर कोणीतरी कापलीत किंवा खाल्लीत. आणि काडी टोकापर्यंत शाबूत, टोकाला पानंही आलीत, तरी फूल नाही, असं असेल तर डोळ्यात फूल घडलंच नव्हतं. मग सावली, नत्र किंवा ऑगस्टातली उशिराची छाटणी यांच्याकडे बोट जातं.

शंका असेल तर नखाने काडीची साल किंचित खरवडा. आत ओलं हिरवं दिसलं तर जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर मेलेली. मार्चअखेर एखादा जाड डोळा ब्लेडने उभा चिरून बघता येतो: आत हिरवा असेल तर आशा आहे, काळा-तपकिरी असेल तर त्या काडीचं फूल गेलं. एका डोळ्याचा बळी जातो, पण मेपर्यंत वाट बघत बसावं लागत नाही.

कात्रीचा संशय

टोक स्वच्छ, सरळ कापलेलं आणि झुडूप एकाच उंचीवर छानसं गोल झालेलं असेल तर दुसरा तपास करू नका. हे गवत कापायला येणाऱ्या मंडळींचं काम आहे. शरदातल्या साफसफाईत ते बॉक्सवुडच्या कुंपणझुडपांवरून यंत्र फिरवतात आणि त्याच ओघात हायड्रेंजियावरूनही. ओळखीच्या एका काकूंकडे कित्येक वर्षं दर नोव्हेंबरला हेच चाललं होतं. काकू दर वसंतात खत बदलत होत्या. त्यांना एवढंच सांगितलं की त्या झुडपाभोवती चार बांबू रोवा, लाल फीत बांधा आणि कामवाल्यांना हात लावू नका म्हणून सांगा. पुढच्या जूनमध्ये फुलं आली, दुसरं काही केलं नव्हतं.

मॅक्रोफिला छाटायचाच असेल तर फुलं उतरायला लागल्याबरोबर, जुलै संपायच्या आत. त्यानंतर कात्री खुंटीला. सुकलेला गेंद काढताना त्याच्या खालच्या पहिल्या मोठ्या पानांच्या जोडीच्या किंचित वर कापा, त्याखाली जाऊ नका. मी तर सुकलेले गेंद हिवाळाभर तसेच ठेवते. खालच्या डोळ्यांना थोडा आडोसा मिळतो आणि बर्फ पडल्यावर दिसतातही बरे.

झुडूप फार दाटलं असेल तर सगळं वरून कमी करण्यापेक्षा सगळ्यात जुन्या, खडबडीत झालेल्या दोन-तीन काड्या वसंतात जमिनीलगत काढाव्यात. बाकीच्यांना उजेड मिळतो, बहरही जात नाही. ‘उंची कमी करायचीय’ हे मात्र छाटणीने कायमचं होत नाही. पाच फूट वाढणारी जात खिडकीखाली लावली असेल तर ती दरवर्षी पाच फूट होणारच. तिला हलवा, किंवा तिथे ठेंगणी जात आणा.

थंडी: जानेवारीपेक्षा एप्रिल वाईट

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या 2023 च्या नकाशात मध्य न्यू जर्सीचा बराच भाग झोन 7 मध्ये येतो, म्हणजे सरासरी वर्षातलं सगळ्यात कमी तापमान 0 ते 10 फॅरनहाइट, साधारण उणे 18 ते उणे 12 सेल्सिअस. मॅक्रोफिलाच्या पाटीवर झोन 6 ते 9 लिहिलेलं असतं. मग अडचण काय? अडचण ही की पाटी मुळांच्या जगण्याची हमी देते, डोळ्यांची नाही. झुडूप उणे 20 सेल्सिअसमधूनही उठेल, पण जमिनीतून नव्याने.

शिवाय थंडी किती यापेक्षा ती कशी आली हे महत्त्वाचं. 2022 च्या नाताळात एका दिवसात तापमान धाडकन कोसळलं, तसं झालं की गाफील काड्यांचं फार नुकसान होतं. हळूहळू आलेली तेवढीच थंडी झाड सोसतं.

पण माझ्या मते इथला खरा वैरी एप्रिल आहे. मार्चअखेर चार दिवस ऊन पडतं, डोळे फुगतात, कोवळी पानं डोकावतात. झोपलेला डोळा बरीच थंडी सोसतो, पण उघडलेल्याला 28 फॅरनहाइट, म्हणजे उणे 2 सेल्सिअसच्या आसपासची एक रात्र पुरते. सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट, लोंबलेली. आणि टोकाचे डोळे सगळ्यात आधी उघडतात, फुलं तर त्यांच्यातच असतात. एप्रिलच्या शेवटी हा धोका संपतो असं धरून चालतो आपण, पण 2020 मध्ये 9 मे रोजी ईशान्य अमेरिकेत बर्फाचे कण उडाले होते.

यावर जे उपाय खरोखर चालतात ते असे. शरदात जमीन गोठायच्या आधी एकदा भरपूर पाणी द्या. बुंध्याशी तीन-चार इंच लाकडाचा भुगा किंवा पाचोळा. मग थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरअखेर, पानं गळल्यावर, काड्या सैलसर एकत्र बांधून घ्यायच्या आणि भोवती कोंबडीजाळीचं कडं उभं करायचं. काड्यांच्या टोकांपेक्षा अर्धा फूट उंच हवं. आत ओकची वाळलेली पानं हलक्या हाताने भरायची, टोकं झाकली जाईपर्यंत. मेपलची पानं नकोत. ती ओली होऊन थर धरतात आणि आत कुजवतात. ओकची पानं फुलून राहतात, हवा धरून ठेवतात. वरून प्लॅस्टिक गुंडाळू नका. उन्हाच्या दिवशी आत भट्टी होते, डोळे वेळेआधी जागे होतात.

सगळा जुगार पानं काढण्याच्या वेळेचा असतो. एका दिवसात उघडं करू नका. एप्रिलच्या सुरुवातीला वरची काढा, मग आठवड्याने आणखी थोडी. जाळी मात्र मेच्या मध्यापर्यंत उभी ठेवा. रात्री पारा 32 फॅरनहाइटच्या खाली जाणार असं भाकीत दिसलं की संध्याकाळी जाळीवर जुनी चादर टाका आणि जमिनीपर्यंत सोडा, म्हणजे मातीची ऊब आत कोंडली जाते. माझ्याकडे यासाठी जुन्या सोलापुरी चादरी आहेत, वाऱ्याने सहसा उडत नाहीत. सकाळी ऊन आल्यावर काढायची आठवण ठेवा.

जागाही बघा. पूर्वेच्या भिंतीलगत, घराच्या कुशीत असलेलं झुडूप उघड्या अंगणातल्या झुडपापेक्षा कितीतरी जास्त वर्षं फुलतं. वायव्येचा वारा थेट झोडपतो अशा कोपऱ्यात मॅक्रोफिला लावून दर हिवाळ्यात त्याला गोधड्या पांघरत बसणं मला पटत नाही.

हरणं आणि ससे

टोकं नाहीत, पण कापही स्वच्छ नाही, धसकटासारखा फाटलेला आहे? मग रात्री पाहुणे येऊन गेले. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते काडी ओढून तोडतं आणि टोक फाटतं. ससा मात्र चाकूने कापल्यासारखा तिरका, स्वच्छ तुकडा पाडतो, आणि तोही जमिनीपासून दोन फुटांच्या आत. बर्फ साचलेला असेल तर तो तेवढा उंच चढतो, हे विसरू नका.

जानेवारी-फेब्रुवारीत हिरवं काहीच नसतं तेव्हा हे रसरशीत डोळे म्हणजे हरणांना फराळ. सडक्या अंड्यांच्या वासाचे फवारे मिळतात, चालतातही, पण पावसानंतर पुन्हा मारावे लागतात आणि हिवाळ्यात कोणाला आठवतं? थंडीसाठी सांगितलेलं जाळीचं कडं हेच इथलंही उत्तर आहे. फक्त हरीण वरून मान घालतं, म्हणून वरचं तोंडही जाळीने झाका.

डोळा घडलाच नाही तर

इथे खताची गोष्ट येते, पण लोक समजतात त्याच्या उलट्या बाजूने. हिरवळीवर टाकायच्या खतात नत्र भरपूर असतं. न्यू जर्सीत 2011 च्या कायद्यानंतर माती तपासल्याशिवाय हिरवळीवर फॉस्फरस टाकता येत नाही, म्हणून इथल्या पिशव्यांवर मधला, म्हणजे फॉस्फरसचा, आकडा बहुधा शून्य दिसतो. पसरवणीचं यंत्र कडेच्या झुडपांपर्यंत दाणे फेकतं. नत्राने पानं माजतात, काड्या उशिरापर्यंत कोवळ्या राहतात आणि थंडीत मरतात. झुडूप हिरवळीच्या कडेला असेल आणि नुसतंच पानांनी भरलेलं असेल तर आधी हिरवळीचं खत तिथून दोन-तीन फूट लांब ठेवा. हायड्रेंजियाला वसंतात एकदा कंपोस्टचा थर आणि वाटलंच तर संतुलित सावकाश सुटणारं खत, तेवढं पुरे. जुलैनंतर काहीही नको.

एप्सम सॉल्ट घालू का, असं विचारणाऱ्यांना मी नाही सांगते. ते मॅग्नेशियम सल्फेट असतं. मातीत मॅग्नेशियम कमी असल्याचं तपासणीत निघालं तर उपयोग, एरवी नाही. चहाचा चोथा, कॉफीचा गाळ कंपोस्टमध्ये टाका, झुडपाच्या बुंध्याशी ढीग करू नका.

सावलीचं मात्र लोकांच्या लक्षात येत नाही, कारण ती सावकाश येते. हे झुडूप सावलीतलं म्हणून विकलं जातं, पण फुलायला निदान तीन-चार तासांचं ऊन लागतं, सकाळचं असेल तर उत्तम. ‘आधी खूप फुलायचं, मग कमी कमी होत गेलं’ अशी तक्रार असेल तर वर बघा. लावलं तेव्हा खांद्याएवढा असलेला मेपल आता छपराच्या वर गेलाय. त्याची मुळं पाणीही पितायत. खालच्या दोन-तीन फांद्या काढल्या तर काम भागतं, नाहीतर झुडूपच हलवायचं.

दुपारच्या उन्हात पानं मान टाकतात त्याची फार काळजी नको. मोठी पानं जेवढं पाणी बाहेर टाकतात तेवढं मुळं त्या वेळी ओढू शकत नाहीत. संध्याकाळी पानं परत उभी राहिली तर सगळं ठीक. सकाळीही लोंबलेली असतील तर पाणी द्या, बुंध्याशी, सावकाश. दर दुपारी घाबरून पाणी ओतलं तर मुळं कुजतात. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र ताण पडू देऊ नका. डोळे त्याच वेळी बसत असतात आणि आपण नेमके तेव्हा भारतात असतो.

भेट आलेली कुंडी

ईस्टरला किंवा मदर्स डेला चमचमत्या कागदात गुंडाळलेला हायड्रेंजिया येतो, फुलं उतरल्यावर आपण तो अंगणात लावतो आणि पुढल्या वर्षी वाट बघतो. त्या रोपाला ग्रीनहाउसमध्ये ठरवून थंडी देऊन आणि मग उबेत आणून फुलवलेलं असतं. जातही बहुतेक वेळा कुंडीत सुंदर दिसावी म्हणून निवडलेली, थंडी सोसावी म्हणून नव्हे. अंगणात ती जगते, पण उघड्यावर तिचे डोळे बहुतेक हिवाळ्यांत मरतात. तिच्यासाठी कुंडीच बरी. नोव्हेंबरात पानं गळली की तापवलेलं नसलेल्या गॅरेजमध्ये, 0 ते 7 सेल्सिअसच्या आसपास ठेवा. उजेड नसला तरी चालतो. महिन्यातून एकदा थोडं पाणी. मेमध्ये हिमाचा धोका टळल्यावर बाहेर. असं केलं तर तिला दरवर्षी फुलताना बघता येतं.

निळं का होत नाही

मूळ तक्रार ही नाही, पण फुलं यायला लागली की पुढचा प्रश्न हाच, म्हणून थोडक्यात. निळा रंग येतो तो मातीतलं अ‍ॅल्युमिनियम फुलापर्यंत पोचलं तर, आणि ते पोचतं आम्लधर्मी मातीत. पीएच 5.5 च्या खाली निळा, 6.5 च्या वर गुलाबी, मधे जांभळ्या छटा. न्यू जर्सीची माती मुळात आम्लधर्मी आहे, तरी घराच्या पायालगतचं झुडूप गुलाबीच राहतं, कारण काँक्रीटमधला चुना मातीत उतरतो. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या आणि मगच अ‍ॅल्युमिनियम सल्फेट वापरा: गॅलनभर पाण्याला एक मोठा चमचा, आधी ओल्या केलेल्या मातीत. जास्त झालं तर मुळं जळतात. पांढऱ्या जाती कशानेही निळ्या होत नाहीत. गंजलेले खिळे पुरण्याचाही उपयोग नाही. खिळ्यात लोखंड असतं, अ‍ॅल्युमिनियम नव्हे.

पुण्याहून विचारणाऱ्यांसाठी

तिथे तक्रार तीच, कारण नेमकं उलटं. इथे थंडीने डोळा मरतो, तिथे थंडीअभावी तो नीट घडत नाही किंवा जागा होत नाही. उटी, कोडाईकनाल, मुन्नारला हीच झुडपं विशेष लाड न करता फुलतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री 10-12 सेल्सिअसपर्यंत उतरतात, पण दुपार 28-30 ची असते. त्यामुळे नर्सरीतून फुललेलं आणलेलं रोप नंतर पानांवरच राहतं.

जे करता येतं ते एवढंच की कुंडी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या गच्चीत ठेवायची, दुपारचं ऊन अजिबात नको. फुलं उतरली की लगेच छाटायचं, पावसाळ्याच्या तोंडाशी. दसरा-दिवाळीच्या सफाईत त्याला हात लावायचा नाही. थंडीतल्या रात्री कुंडी मुद्दाम उघड्यावर ठेवायची. पाणी हा दुसरा मुद्दा. बोअरच्या, टँकरच्या जड पाण्याने कुंडीतली माती चुनखडीची होत जाते आणि शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा अशी पानं दिसतात. ती लोहाची कमतरता. लोह मातीत असलं तरी त्या पीएचला झाडाला मिळत नाही. काळी माती टाळा, कोकोपीट आणि पानांचं कुजकं खत वापरा, पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा. एवढं करूनही महाबळेश्वरच्या सहलीत बघितलेल्या बागांशी तुलना करू नका. मधूनच एखाद्या वर्षी चार गेंद येतील, तेही लहान.

हे सगळं नको असेल तर

जाळी, पानं, चादर, हवामानाचं भाकीत, हे प्रत्येकाला जमणार नाही आणि जमायलाच हवं असंही नाही. दोन हिवाळे नीट झाकूनही फूल आलं नाही तर मी ते झुडूप मार्चमध्ये, डोळे फुटायच्या आधी, मोठ्या मातीच्या गोळ्यासकट उचलून घराच्या पूर्वेच्या भिंतीशी नेईन आणि त्या उघड्या जागी पॅनिक्युलाटा लावीन. ‘लाइमलाइट’ ही जात इथल्या पूर्ण उन्हात चालते, झोन 3 पर्यंतची थंडी सोसते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एक-तृतीयांश छाटली तरी जुलैत फुलते. सहा-आठ फूट होते, त्यामुळे वाटेपासून चार फूट आत लावा. जागा कमी असेल तर ‘लिटल लाइम’. गोलच गेंद हवे असतील तर ‘अ‍ॅनाबेल’ किंवा ‘इन्क्रेडिबॉल’. पहिलीच्या काड्या वळवाच्या एका सरीत लोळण घेतात, दुसरीच्या जाड असतात. यांत निळा रंग नाही, तेवढं मनाला समजवावं लागेल. हरणं यांनाही सोडत नाहीत, तेव्हा पहिले दोन हिवाळे जाळी यांच्याभोवतीही हवीच.